इंग्रजी ‘गेट’ (get) शिकताना सुरुवातीला एवढंच

भावा, ‘गेट’चे सगळे अर्थ वहीत उतरवून पाठ करायचा नाद आधी सोड. आपलं ‘लागणं’ बघ की. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, तांबडा रस्सा तिखट लागतो. यादी पाठ केली होतीस का कधी?

‘गेट’च्या पुढे काय येतंय तेवढं बघ (‘गॉट’ म्हणजे ‘गेट’चाच भूतकाळ):

- वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: ‘आय गॉट अ सीट.’
- विशेषण आलं तर होणं: ‘आय गॉट टायर्ड.’
- ‘टू’ आणि ठिकाण आलं तर पोचणं: ‘वी गॉट टू रंकाळा ॲट सिक्स.’ ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ला मात्र ‘टू’ लावू नको, ‘गॉट होम’ एवढंच.

नवखे हमखास घसरतात ते ‘अ’वर. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. ‘अ’ गाळलास की नुसतं गारठलो.

जोडक्रियापदांपैकी आत्ता चारच घे. केएमटीच्या बसमध्ये चढताना ‘गेट ऑन’, उतरताना ‘गेट ऑफ’. रिक्षात बसताना ‘गेट इन’, उतरताना ‘गेट आउट’. आणि हो, रिक्षावाल्याला नुसतं ‘गेट आउट’ म्हणू नको, भांडण लागेल! ‘गेट बाय’, ‘गेट ओव्हर’ वगैरे नंतर बघू. ‘मिळणं’ म्हणायला अर्जात ‘रिसीव्ह’ बरं दिसतं, बोलताना मात्र बिनधास्त ‘गेट’ वापर.