स्वागत गाडीच्या वेळेत करा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नव्या मुलांच्या स्वागताच्या कार्यक्रमाची रूपरेषा मिळाली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांचे सत्कार, मनोगतं, नव्या मुलांचा परिचय, नाच-गाणी, मिस्टर फ्रेशर-मिस फ्रेशर आणि शेवटी सव्वापाचला डीजे. गेल्या वर्षी मध्यंतरातच निम्मा हॉल रिकामा झाला आणि उरलेले मोबाईलमध्ये डोकं घालून बसले, म्हणून यंदा डीजे मोठा सांगावा का, असं तू विचारलंयस.

सांगू नकोस. ते पैसे राखून ठेव, कशासाठी ते पुढे लिहितो.

हॉल का रिकामा झाला हे जळगावच्या बसस्थानकावर जाऊन बघ. तुमच्या कॉलेजातली कितीतरी मुलं अप-डाऊनवाली. कुणी एरंडोल-पारोळ्याकडचं, कुणी चोपड्याचं, कुणी जामनेरचं. धरणगाव-अमळनेरची रेल्वेने येतात, पाचोरा-चाळीसगावची दुसऱ्या मार्गाने. खेड्यावर जाणारी गाडी एकदा चुकली की पुढची कधी लागेल याचा नेम नाही, आणि घरी फोन करून ‘कार्यक्रम होता’ म्हटलं की मुलीला दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू. सव्वापाचचा डीजे म्हणजे शहरातल्या मुलांचा कार्यक्रम. तेव्हा अकराला सुरू कर, दीडला जेवण, अडीचला सगळे मोकळे. सत्कार एकच ठेव. नारळ-शाल-पुष्पगुच्छात आपल्याकडे जितका वेळ जातो तितक्यात एका गटाची ओळख होऊन चहाही पिऊन होतो.

तारीख ठरवताना दाते पंचांग उघड. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. त्या शनिवारी किंवा सोमवारी कार्यक्रम ठेवलास तर निम्मी मुलं गावी तिच्या प्रसादाचे रोट खायला गेलेली असतील, आणि तू पुन्हा म्हणशील की हल्लीच्या मुलांना कशात रसच नाही.

रस आहे, पण तो दुसरीकडे सरकलाय. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात स्वागत समारंभ म्हणजे मुलांनी एकमेकांना पहिल्यांदा नीट बघण्याचा दिवस असे. ऑर्केस्ट्रा आला तरी अप्रूप. आता प्रवेशाची पावती हातात पडायच्या आत वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार असतो. एकमेकांचे स्टेटस, इन्स्टा बघून झालेले असतात. नाव माहीत, चेहरा माहीत, आवड माहीत. पण समोर आल्यावर बोलायचं काय, तिथे अडतं. नाच तर त्यांच्या खिशातल्या फोनवर तुम्ही बसवाल त्याहून चांगला दिसतो. त्यामुळे करमणूक हा स्वागताचा मुख्य भाग राहिलेला नाही, हे तुमच्या मंडळाने एकदा मान्य करावं. नवं मूल संध्याकाळी घरी जाताना उद्या कुणाशेजारी बसायचं हे त्याला कळलेलं असलं, की कार्यक्रम झाला.

यासाठी गट पाड. विषयाप्रमाणे पाडू नकोस, वर्गात ते होतातच. गाडीच्या मार्गाप्रमाणे पाड. यावल-चोपड्याची मुलं एका सतरंजीवर, जामनेरची दुसरीवर, रेल्वेवाली तिसरीवर. प्रत्येक गटात त्याच मार्गावरून येणारे तुमच्या वर्षाचे दोघे-तिघे हवेत, त्यात एक तरी मुलगी. पास कुठे काढायचा, कोणती गाडी कायम उशिरा, कोणत्या तासाला बसलं तर शेवटची बस चुकते, हे सांगायला त्यांच्याइतकं जाणकार कुणी नाही. बोलणं आपोआप सुरू होतं आणि तीन वर्षं सोबत प्रवास करणारी माणसं पहिल्याच दिवशी सापडतात. आपल्याकडे ओळख निघाली की गावानंतर लगेच आडनाव विचारतात, आणि ते कशासाठी विचारतात हे तुला मी सांगायला नको. गाडी विचारली की तो प्रश्न मागे पडतो.

वसतिगृहातल्या मुलांचा मात्र वेगळा गट करू नकोस. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली पावरा, भिल्ल मुलं आधीच एका कोपऱ्यात बसतात. त्यांना जळगावात राहणाऱ्यांबरोबर बसव. सतरंजीवर अहिराणी बोलू दे, लेवा बोली बोलू दे, पावरी बोलू दे. माईकवर प्रमाण मराठीत परिचय द्यायचा म्हटलं की यातली निम्मी मुलं नाव-गाव सांगून गप्प होतात.

माईकवरचा परिचय तर काढूनच टाक. ‘इंट्रो दे, एक गाणं म्हण, त्या मॅडमला प्रपोज करून दाखव’ याला तुमच्यातले काही गंमत म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांत, एरवी जे विद्यार्थी करणार नाही आणि ज्याने त्याला लाज वाटेल ते करायला लावणं, हे रॅगिंगच धरलंय. महाराष्ट्राचा कायदा त्याच्याही आधीचा, 1999 चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हा प्रकार आता चालणार नाही, कारण समोर चाळीस मोबाईल उभे असतात. पूर्वी फजिती हॉलमध्ये व्हायची आणि तिथेच विसरली जायची. आता रावेरकडच्या एखाद्या खेड्यातली मुलगी स्टेजवर दोन पावलं नाचली तर ती घरी पोचायच्या आत तिची रील गावात पोचलेली असते. त्यावरून तिचं कॉलेज बंद व्हायला वेळ लागत नाही. मिस फ्रेशर का नको, त्याचंही उत्तर यातच आलं.

म्हणून हॉलमध्ये शूटिंग नाही, हे निमंत्रणातच छाप. मोबाईल जमा करून घेऊ नकोस, त्याने भांडणं होतात आणि घरून आलेला फोन चुकतो. बाहेर झाडाखाली फोटोसाठी एक जागा कर. ज्यांना हवं ते जातील. ग्रुपचंही तेच. मुलींना न विचारता शंभर जणांच्या ग्रुपमध्ये घातलं की त्यांचा नंबर शंभर जणांकडे गेला. त्यापेक्षा व्हॉट्सॲपची कम्युनिटी कर. तिच्या सूचनांच्या गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. तुझ्या मंडळातल्या मुलांना हे पटणार नाही. त्यांनी ग्रुप कशासाठी काढलाय ते विचार.

बोलायला लाजणारी मुलं लिहितात मात्र भरपूर, दिवसभर टाइप करत असतात. या सवयीला जागा दे. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. छात्रालय दैनिक म्हणत त्याला. रोजचा अंक तुम्हाला झेपणार नाही, पण ग्रंथालयाबाहेर पुठ्ठ्याचा एक फळा महिनाभर झेपेल. ‘मला शिवण येतं’, ‘खोली शेअर करायला कुणी हवंय’, ‘कबड्डी खेळतो’, ‘स्पर्धा परीक्षेची पुस्तकं देतो-घेतो’ अशा चिठ्ठ्या लागू देत. फोन नंबर नको, वर्ग लिहिला की पुरे.

एकच दिवस मोठा करण्याची हौस सोड. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. उशिरा आलेल्या मुलाला हारही मिळत नाही आणि सतरंजीही. त्याच्यासाठी सप्टेंबरात तासाभराचा छोटा चहा ठेव, त्यात भाषण अजिबात नको. डीजेचे वाचलेले पैसे मात्र डिसेंबरसाठी ठेव आणि भरीत पार्टी कर. नव्या मुलांकडून वर्गणी घेऊ नकोस, ज्याला परवडत नाही तो काहीतरी कारण सांगून त्या दिवशी येतच नाही.

भरीत पार्टी यासाठी, की गोल बसून ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आजची मुलं अवघडतात. हात कामात असले की तोंड सुटतं. कुणी वांग्यांना टोचे मारतंय, कुणी जाळावर फिरवतंय, कुणी साल काढताना बोटं भाजून घेतंय, कुणी मिरच्या-लसूण ठेचतंय, कांद्याची पात चिरतंय. कुणी कुणाकडे बघत नाही आणि सगळे बोलत असतात. मुलांनी आग, मुलींनी चिरणं अशी वाटणी मात्र होऊ देऊ नकोस. राखेने काळ्या झालेल्या हातांनी मोबाईलही फारसा काढला जात नाही. ऑगस्टात जे एका सतरंजीवर अंग चोरून बसले होते, ते इथे एकमेकांच्या ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडताना दिसतील. न दिसले तर मार्गाप्रमाणे गट पाडण्यापलीकडे काही घडलं नाही असं समज आणि जानेवारीत प्रत्येक गटातल्या तुमच्या वर्षाच्या त्या दोघा-तिघांना बोलावून विचार.

वांगी बामणोदकडची मिळाली तर तीच घे. भाजायला काड्या विकत आणायच्या नाहीत, तोवर कपाशी निघालेली असते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, घेऊन येतो म्हणणारे चार तरी जण वर्गात सापडतील. प्राध्यापकांनाही बोलव. त्यांना वांगी सोलायला बसव, पण माईक आसपास ठेवू नकोस.

तुझा,
सर