भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा

प्रिय बाळा,

तू लिहिलंस, "सांगितलेला व्यायाम कॅन्सरचे पेशंट घरी करतच नाहीत." त्यांना बोल लावू नकोस. व्यायामाचा कागद घरी जातो आणि देवळीत पडून राहतो. घरचे मायेनं म्हणतात, पडून राहा, ताकद येईल. केमोनंतरचा थकवा पडून राहिल्यानं वाढतो, स्नायू झिजतात. हे पेशंटच्या आधी घरच्यांना समजाव.

आपल्याकडे तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं तोंडाचा कॅन्सर किती, ते तू रोज बघतेस. मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली की खांदा खाली उतरतो, हात वर जात नाही. माझ्याकडे असा एक शेतकरी होता. खुंटीवरचा सदरा काढता येईना. आठवड्यातून दोनदा मी त्याच्या घरी जायची. भिंतीवरून बोटं चालवत तो हात वर न्यायचा, आणि थांबला तिथं नात कोळशानं रेघ मारायची. पहिली रेघ छातीएवढी. हात वर जावा म्हणून तो अंगच तिरकं करायचा. त्याच्या फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला, माझा तळहात लावला की सरळ उभा राहायचा. एकटा असता तर महिनाभर चुकीचंच करत राहिला असता. देखरेख म्हणतात ती हीच. शेवटची रेघ खुंटीच्या चार बोटं खाली राहिली. मग बायकोनं खुंटीच खाली ठोकली.

२०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सांगितलं ते लक्षात ठेव: आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, असं दोन-तीन महिने केलं तर थकवा, चिंता, उदासी कमी होते. सोबत शिकवणारं कुणी असलं तर फायदा जास्त. पण तू पेशंटला सुरुवातीला दहाच मिनिटं चालव. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. ताकदीसाठी पाण्याच्या बाटल्या, स्टुलावरून हात न टेकता उठबस.

ताप असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा आजार हाडात गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करवून घेऊ नकोस. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा पहाटेच चालव.

कापूस वेचणीत दवाखान्यात कुणी फिरकणार नाही. गावच्या आशाताईला आत्ताच शिकवून ठेव. मंगळवारी मी येते, फऱ्याला हात कसा लावायचा ते तुम्हा दोघींना दाखवते.

तुझी,
मॅडम