अपडेटनंतर लिनक्स मिंटवर वाय-फाय गायब, घड्याळही चुकतंय. परत विंडोजवरच जाऊ का?

जायचं तर जा, लॅपटॉप तुमचा आहे. पण वाय-फाय गेलं एवढ्यासाठी जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की विंडोजच्या शेजारीच मिंट ही लिनक्सची सिस्टीम टाकली, दोन महिने सुरळीत चाललं, परवा अपडेट मारून रीस्टार्ट केलं तर नेटवर्कची यादीच रिकामी. वर घड्याळ साडेपाच तास पुढे. आणि दुकानदार म्हणतो, कार्ड उडालंय, डोंगल घ्या. एवढं सगळं लिहिलंत, पण विंडोजमध्ये वाय-फाय चालतं का, ते लिहिलंच नाही. चालत असेल तर कार्ड ठणठणीत आहे आणि दुकानदाराचा विषय तिथेच संपला.

मग लॅपटॉप पुन्हा चालू करताना ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा, मेनू येतो ना, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि खालचा, जुन्या क्रमांकाचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. वाय-फाय आलं? मग तुमचं आजचं काम झालं, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. मला मात्र लिहायचंय, कारण अपडेट, वाय-फाय गायब, ‘कार्ड उडालंय’ हा क्रम मी आमच्या दाजींच्या घरी पाहिलाय आणि त्याची पावती आजही माझ्या नावावर फाडली जाते.

2020चं साल. शाळा-कॉलेज बंद, भाची बारावी होऊन प्रवेश परीक्षेच्या तयारीत, आणि घरात एकच धड मोबाइल. दाजींकडे एक जुना लॅपटॉप माळ्यावर पडून होता. विंडोज सुरू व्हायला त्याला इतका वेळ लागायचा, की ताई बटण दाबून पोह्यांची फोडणी टाकायला जायची. गणपतीत मी साताऱ्याहून कराडला गेलो तेव्हा तो झाडूनपुसून घेतला, होतं ते सगळं उडवलं आणि त्यावर मिंट 20 टाकलं. ते नुकतंच, जूनमध्ये आलं होतं. लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. अडलं फक्त वाय-फाय. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, त्या कर्नलमध्ये नव्हता. मग माझा मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं, ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, डीकेएमएस नावाच्या साधनाने बांधला. भाचीचे तास त्यावर सुरू झाले. दाजी सोफ्यावर बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, “किती पडलं ह्याला?” म्हटलं, काही नाही. “मग बरोबर. फुकट ते पौष्टिक.”

डिसेंबरात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. चार महिने अपडेटला कुणी हात लावला नव्हता. नेमकं त्या दिवशी सकाळी भाचीला खालच्या पट्टीतल्या त्या ढालीवरचा ठिपका दिसला आणि तिने शहाण्या मुलीसारखं सगळं अपडेट करून टाकलं. रीस्टार्ट झाल्यावर वाय-फाय नाही. ताईचा फोन आला दुपारी चारला. मी ऑफिसात. फोनवर मी काय विचारलं असेल? “राउटर बंद करून चालू केला का?” आजही आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. जुना कर्नल निवडायला फोनवरून दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि ते मला सुचलंच नाही.

तोवर दाजी कोपऱ्यावरच्या दुकानात लॅपटॉप दाखवून आले होते. निदान तेच: कार्ड उडालंय. डोंगल 700 रुपये. डोंगल लावला, तोही चालेना, कारण त्यातल्या चिपलाही बाहेरचाच ड्रायव्हर हवा होता. मग दुकानातला पोरगा म्हणाला, फॉरमॅट मारून देतो, 500 रुपये. ताईने तेवढं अडवलं, भाचीच्या वह्यांचे फोटो त्यात होते म्हणून.

मी सहाला गाडीला किक मारली. थंडीत हायवेने पन्नासेक किलोमीटर. उंब्रजला चहाला थांबलो तिथे एकदम डोक्यात ट्यूब पेटली. कार्ड उडालं असतं तर ते बरोब्बर अपडेटच्याच रीस्टार्टला का उडेल? ताईला फोन लावला, तिने उचलला नाही. कराडला पोचलो, बूट दारातच होते, तोच दाजी म्हणाले, “या पाव्हणं. फॉर्म भरून पोरगी जेवाय बसली.” नेट कॅफेत 50 रुपयांत काम झालं होतं.

मी तसाच लॅपटॉपवर बसलो. ग्रब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, जुना कर्नल. उजव्या कोपऱ्यात वाय-फायच्या पट्ट्या हजर. घड्याळ लावून दोन मिनिटं लागली असतील. मी लॅपटॉप दाजींकडे वळवला. ते भाताचा घास थांबवून म्हणाले, “आत्ता आलं व्हय?”

तेव्हापासून आमच्या घरात कुणाची वास्तुशांत असो की साखरपुडा, नवीन पाहुणा दिसला की दाजी ही गोष्ट सांगतात. “आमच्या पाव्हण्यांनी लिनक्स टाकलं आन् पोरीचं वरीस जाता जाता राहिलं.” मी हसतो. पण त्यांच्या खताच्या दुकानातल्या विंडोजच्या मशीनवर प्रिंटर तीन दिवस बंद पडला होता, बिलं हाताने फाडत होते, तेव्हा दोष कुणाला दिला? “पोरानं कायतरी दाबलं असंल.” विकतच्या वस्तूचं दुखणं म्हणजे पोराची चूक आणि फुकटच्या वस्तूचं दुखणं म्हणजे वस्तूचीच चूक, हा कुठला न्याय?

आणि फुकट हा शब्दच चुकीचा आहे. इंग्रजीत ‘फ्री’ म्हटलं की मुक्त आणि फुकट यांचा घोळ होतो, ते लोक चाळीस वर्षं तो निस्तरत बसलेत. आपल्याकडे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. रिचर्ड स्टॉलमनने 27 सप्टेंबर 1983ला ग्नू या मुक्त सिस्टीमची घोषणा केली, त्याच्या मुळाशी एमआयटीच्या प्रयोगशाळेतला एक लेझर प्रिंटर होता. कागद अडकला की आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम लोकांच्या पडद्यावर निरोप पाठवायचा, ती सोय स्टॉलमनने स्वतः लिहून घातली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स मिळाला नाही, म्हणून तिथे ती घालता येईना. भांडण पैशाचं नव्हतंच, झाकण उघडू देत नाहीत याचं होतं. दाजींना हे एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “म्हंजी प्रिंटर त्याचाबी बंदच हुता.”

असो. तुमच्या मशीनमध्ये काय झालं असेल ते सांगतो. लिनक्सची खबर देणाऱ्या 25 ऑगस्ट 1991च्या त्या पहिल्या निरोपातच त्याचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्सने लिहिलं होतं, की माझ्याकडे एटी प्रकारची हार्डडिस्कच आहे, तेव्हा याच्यावर दुसरं काही बहुधा कधी चालणार नाही. थट्टा वाटते, पण ड्रायव्हरचं गणित अजून तेच आहे. ज्याच्याकडे ती वस्तू आहे आणि तिची माहिती आहे, असं कुणीतरी बसून लिहितं तेव्हा ती चालते. असा ड्रायव्हर एकदा कर्नलच्या आत गेला, की पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर आपोआप येतो. आत गेला नसेल, तर बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतं, पण त्याला त्या-त्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. त्या नसल्या तर ते मुकाट्याने बसून राहतं, आणि तुम्ही नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हरशिवाय उभे.

तेव्हा नव्या कर्नलवर परत या, मोबाइल यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, नेट आलं की टर्मिनल उघडा. कमांड मी मुद्दाम देवनागरीत लिहितोय, कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी निदान टाइप करताना तरी वाचावं म्हणून. ‘युनेम’ आणि पुढे ‘डॅश आर’ दिलं की चालू कर्नल कळतो. ‘डीकेएमएस स्टेटस’ने ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी बांधलाय ते कळतं. दोन्ही क्रमांक जुळत नसतील तर चोर सापडला. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज टाका, त्याच नावाने, क्रमांक न लावता. मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ आणि रीस्टार्ट.

बांधला जातोय पण चढत नाही, असं असेल तर सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासणारी सोय, चालू आहे का बघा. सही नसलेला ड्रायव्हर कर्नल दारातूनच परत पाठवतो. त्यासाठी ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तो दहा सेकंदच थांबतो. त्यानंतरच्या यादीत वरचा पर्याय ‘कंटिन्यू बूट’ असतो आणि सवयीने एंटर मारला की संधी गेली, सगळं पहिल्यापासून. ‘एन्रोल एमओके’ निवडायचं, तोच पासवर्ड द्यायचा. गणपतीत माझा पहिला एंटर असाच वाया गेला होता.

‘एलएसपीसीआय’ला ‘डॅश एनएनके’ लावून चालवलंत तर वाय-फायच्या चिपखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसते. ओळ नसेल तर चिप आहे पण तिला ड्रायव्हर मिळालेला नाही. चिपच दिसत नसेल तर दुकानदार कदाचित बरोबर असेल, मात्र काही लॅपटॉपांत कार्ड आतून यूएसबीवर असतं, तेव्हा ‘एलएसयूएसबी’ही बघा. ड्रायव्हर आहे आणि फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चढवायचा प्रोग्रॅम, नाही असंही होतं, ते ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या यादीत, स्वच्छ लिहिलेलं असतं. लिनक्स अवघड म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ती लांबलचक यादी कधी उघडलेलीच नसते. मशीन बोलत असतं हो. आपण शेजारच्या दुकानदाराला विचारत बसतो.

घड्याळाचं दुखणं वेगळं आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं, लिनक्स ती वेळ ग्रिनिचची समजून साडेपाच तास मिळवतं. एरवी नेट लागलं की लिनक्स आपली वेळ दुरुस्त करून घेतं, वाय-फाय गेलं म्हणून ते आता उघडं पडलं. विंडोजमध्ये कधी वेळ साडेपाच तास मागे दिसली असेल तर तीही याच भांडणातली. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ एवढं केलं की मिटतं.

आता काही गोष्टी उशिरा सांगतोय, पण सांगतो. हे सगळं ड्रायव्हर बाहेरून टाकलेला असेल तर. तुमची चिप कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा माझा नेम चुकूही शकतो. सिस्टीम मागच्या स्थितीत परत नेणारं टाइमशिफ्ट मिंटमध्ये आयतंच येतं, अपडेटआधी एक स्नॅपशॉट घेत जा. अर्ज, परीक्षा, बिलं यांच्या दिवशी कुठल्याच सिस्टीमवर अपडेट मारू नका. आणि टॅलीवर धंदा असेल तर विंडोज ठेवा, दाजींनाही मी तेच सांगितलंय.

आणखी एक. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी हेडर टाकले, ड्रायव्हर बांधला, सकाळी नव्या कर्नलवर वाय-फाय चालू. पण मुळात ते मोडलं कशाने हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भाची आता पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तोच लॅपटॉप मांडीवर घेऊन टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबत बसली होती. त्या घरात टर्मिनल माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही, त्यामुळे माझ्या जुन्या कमांड एकामागून एक वर येत होत्या. डिसेंबरच्या गेल्या, गणपतीतल्या आल्या. एका ओळीवर तिचा हात थांबला. मी हेडर टाकले होते ते नेमके 5.4.0-42 या कर्नलचे, क्रमांकासकट. म्हणजे नवा कर्नल आला की त्याचे हेडर येणारच नाहीत, याची व्यवस्था मीच करून ठेवली होती.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “जेनेरिक का नाही टाकलंस?”

दाजी समोरच चकली खात होते. मी काही बोललो नाही. तिने ‘हिस्टरी डॅश सी’ टाइप केलं, एंटर मारला आणि खिडकी बंद केली. त्याने फाइलमधलं काही पुसलं जात नाही, ते तिलाही माहीत आहे आणि मलाही.