आरोग्य विभागात समतेची क्षमता कशी उभी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : तालुका आरोग्य अधिकारी म्हणून आपण नुकतेच रुजू झाला आहात, आरोग्य समतेसाठी, म्हणजे वंचित राहणाऱ्यांपर्यंतही सेवा पोहोचावी यासाठी, विभागाची क्षमता वाढवावी अशी सूचना जिल्ह्याच्या वार्षिक कृती आराखड्यात आली आहे, आणि त्यासाठी कोणाला कोणते प्रशिक्षण द्यावे हे आपल्याला ठरवायचे आहे. मी मराठवाड्यातील ग्रामीण आरोग्य सेवेत अनेक वर्षे काम केले आणि त्यातील बराच काळ तालुका पातळीवर घालवला, म्हणून त्याच पातळीवरून उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. प्रशिक्षणाची निवड हा या कामातला शेवटचा निर्णय असावा. सेवेपासून कोण वंचित राहिले हे विभागाला स्वतःच्या रोजच्या कामकाजातून दिसले पाहिजे, आणि ते दिसल्यावर काही करण्याची मुभा, वाहन आणि थोडाफार पैसा त्याच पातळीवरच्या माणसाकडे असला पाहिजे. या दोन गोष्टी नसताना आरोग्यसेविकेला समतेवर दोन दिवसांचे व्याख्यान ऐकवले, तर ती परत येऊन पूर्वीचेच तक्ते भरते, कारण आपण तिच्याकडे मागतो ते पूर्वीचेच तक्ते.

एक काल्पनिक पण अगदी संभवनीय उदाहरण घेऊ. मैदानी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष ३० हजार लोकसंख्येचा आहे. हजारी १६ जन्मदर धरला तर तेथे वर्षाला सुमारे ४८० प्रसूती होतील. त्यातल्या ९४ टक्के रुग्णालयात झाल्या असे समजू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा आकडा ९४.७ टक्के आहे, म्हणजे मासिक आढावा सभेत या केंद्राबद्दल कोणी प्रश्न विचारणार नाही. घरी झालेल्या प्रसूती २९. आता या २९ पैकी २२ जर दोन तांडे आणि एक पारधी वस्ती येथल्या असतील, आणि तेथे वर्षभरात एकूण प्रसूतीच ३० झाल्या असतील, तर उरलेल्या गावांत जवळजवळ प्रत्येक बाई रुग्णालयात पोहोचते आणि या तीन वस्त्यांत तीसपैकी फक्त आठ पोहोचतात. ही माहिती कोठे दडलेली नसते. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत ती नावानिशी असते. उपकेंद्राकडून केंद्राकडे, केंद्राकडून तालुक्याकडे जाताना तिची बेरीज होते आणि वस्ती पुसली जाते. आपल्या हातात असलेले पहिले काम हे, की त्याच नोंदवह्यांवरून वस्तीनिहाय गणना पुन्हा करून घ्यावी. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर किंवा मंजुरी लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्षाला पाच प्रसूती होणाऱ्या वस्तीची टक्केवारी काढू नये. एका घटनेने ती वीस टक्क्यांनी हलते आणि मग आढावा सभेत निरर्थक वाद सुरू होतो. अशा ठिकाणी तीन वर्षांच्या नोंदी एकत्र घ्याव्यात, किंवा सरळ नावांची यादी वाचावी. नावांची यादी मला नेहमीच अधिक उपयोगी वाटली, कारण टक्केवारीवर चर्चा करता येते, पण यादीतल्या बाईबद्दल कोणीतरी काहीतरी करावेच लागते.

आता आढावा सभेबद्दल, कारण विभागाची खरी शाळा तीच आहे. तेथे ज्याबद्दल विचारले जाते ते कर्मचारी शिकतो, बाकीचे विसरतो. उद्दिष्ट किती आणि साध्य किती, एवढेच विचारले गेले तर सगळे लक्ष सहज पोहोचता येणाऱ्या घरांकडे जाते; उद्दिष्ट तेथेच पूर्ण होते. प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने राहिलेल्यांची यादी, वस्ती आणि कारण घेऊन सभेला यावे, अशी पद्धत आपण सुरू करू शकता. मात्र त्यासाठी एक पथ्य कडकपणे पाळावे लागते. जिने आपल्या क्षेत्रातली उणीव प्रामाणिकपणे दाखवली, त्या सेविकेला कारणे दाखवा नोटीस मिळाली, तर पुढच्या महिन्यात उणीव कागदावरून नाहीशी होईल आणि ती पुन्हा कधी दिसणार नाही. उणीव दाखवणे आणि उणीव दडवणे यांपैकी शिक्षा कशाला होते, हे साऱ्या तालुक्यातले कर्मचारी एकाच सभेत ओळखतात.

माझ्या भागातला सर्वांत मोठा प्रश्न ऊसतोड कामगारांचा होता, आणि विभागाची रचनाच विषमता कशी निर्माण करते हे मला त्यातून सर्वांत स्पष्ट दिसले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. गरोदर बाईची नोंदणी गावच्या उपकेंद्रात झालेली असते. ती गेल्यावर तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि ती गावच्या हिशेबातून बाहेर जाते; जेथे ती पोहोचते तेथल्या केंद्राच्या लोकसंख्येत ती नसते, म्हणून तेथल्या हिशेबातही येत नाही. दोन्ही केंद्रांची टक्केवारी निर्दोष राहते आणि मध्ये सहा महिने त्या बाईची कोणीच तपासणी करत नाही. यात एकाही कर्मचाऱ्याने नियम मोडलेला नसतो, म्हणून तपासणीतही हा दोष कधी सापडत नाही.

यावर काय करता येते? टोळ्या निघण्यापूर्वी गरोदर माता आणि पाच वर्षांखालील मुले यांची यादी मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराच्या) नावासह करावी, बाई कोणत्या कारखान्यावर जाणार आहे ते लिहून घ्यावे, माता व बाल संरक्षण कार्ड आणि पुरेशा लोहगोळ्या तिच्याजवळ द्याव्यात आणि ती यादी त्या भागातल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला पाठवून दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी. ज्या तालुक्यात कारखाना आहे तेथे कोप्यांचा समावेश लसीकरणाच्या सूक्ष्म नियोजनात हवा, आणि सत्र सकाळी दहाला ठेवून चालत नाही, कारण तोडीसाठी माणसे पहाटेपूर्वीच फडात गेलेली असतात. सत्र संध्याकाळी ठेवायचे म्हटले की लगेच वाहन कोणते, सेविका रात्री परत कशी येणार, बदली रजा कोण मंजूर करणार, हे प्रश्न उभे राहतात. समतेची क्षमता म्हणून जे काही आहे ते याच प्रश्नांच्या उत्तरांत असते, आणि ही उत्तरे देण्याचा अधिकार बऱ्याच अंशी आपल्याकडे आहे.

याच समाजाशी निगडित आणखी एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते, कोप्यांजवळ शौचालय नसते, पाणी पुरेसे नसते, आणि पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली जाते. अशी ती साखळी होती. एवढा मोठा प्रकार आमच्या मासिक अहवालांत दिसत नव्हता, कारण त्या अहवालांत प्रामुख्याने आम्ही दिलेल्या सेवांची मोजणी होती आणि या शस्त्रक्रिया बहुतांश खाजगी दवाखान्यांत होत होत्या. तो उजेडात आला तो पत्रकार आणि महिला संघटनांमुळे. पुढे जिल्हा शल्य चिकित्सकांच्या परवानगीची अट आली, ती योग्यच होती. पण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षांत त्या बाईच्या साध्या जंतुसंसर्गावर उपचार करणारे सरकारी ठिकाण तिच्या वाटेवर का नव्हते, हा प्रश्न परवानगीने सुटत नाही.

माता मृत्यू आणि बालमृत्यू यांचे अन्वेषण हे आपल्याला आयतेच मिळालेले साधन आहे. मार्गदर्शक सूचनांनुसार घरी जाऊन नातेवाइकांशी बोलणे अपेक्षित असते आणि उशीर कोठे झाला याचे तीन टप्पे पाहायचे असतात : निर्णय घेण्यात, रुग्णालयात पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. प्रत्यक्षात पुष्कळदा कारणाच्या रकान्यात ‘तीव्र रक्तक्षय’ एवढे लिहून प्रकरण बंद होते. तीव्र रक्तक्षय हे वैद्यकीय कारण झाले. हिमोग्लोबिन कमी असल्याची नोंद कितव्या महिन्यात झाली, त्यानंतर तिला कोणी भेटले का, रक्त देण्याची सोय असलेले रुग्णालय किती दूर होते आणि मजुरी बुडवून तेथे जाणे त्या घराला शक्य होते का, हे विचारल्याशिवाय पुढचा मृत्यू टळत नाही. आदिवासी भागात नवसंजीवनी योजनेखाली बालकासोबत दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद करावी लागली, ती याच कारणाने. आपल्या तालुक्यात अशी तरतूद लागू असेल तर ती वेळेवर मिळते का, हे स्वतः तपासावे. महिनाभराने मिळालेली बुडीत मजुरी त्या बाईला दवाखान्यात थांबवू शकत नाही.

लोकांकडून हिशेब घेण्याची सवयही लावावी लागेल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था तिचे राज्यस्तरीय समन्वयन करत असे. गावकरी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे दर्जे देत आणि मग जनसुनवाईत आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. कर्मचाऱ्यांना सुरुवातीला हे आरोपपत्र वाटते, आणि ती भावना मी समजू शकतो, कारण औषध पुरवठा वरून थांबलेला असताना बोलणी समोरच्या सेविकेला खावी लागतात. परंतु जे गाऱ्हाणे सेविका वर्षानुवर्षे लेखी कळवत असते आणि ज्याला उत्तर येत नाही, तेच गावकऱ्यांनी सभेत मांडले तर त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. आपल्याकडे अशी प्रक्रिया चालू नसेल तर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या आहेत. त्यांच्या बैठका बहुधा मूळ गावात होतात आणि तांड्यावरची बाई तेथे येत नाही. दर दोन-तीन बैठकांतली एक तरी तांड्यावर घ्यावी आणि तेथे गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी आशा किंवा अंगणवाडी सेविका सोबत असावी.

पैशांबद्दल थोडे. तालुक्याला नवा निधी मिळवणे कठीण असते, पण असलेला निधी समान वाटला जातो तेथे बदल करता येतो. प्रत्येक उपकेंद्राला सारखेच फेरे, सारखीच सत्रे अशी वाटणी कागदावर न्याय्य दिसते. घाटापलीकडच्या उपकेंद्राला ती अपुरी पडते. डोंगरी आणि आदिवासी भागासाठी उपकेंद्राचा निकष पाच हजारांऐवजी तीन हजार लोकसंख्येचा ठेवला आहे, त्यामागे हाच विचार आहे, आणि तोच आपण वाहनाच्या वेळापत्रकात आणू शकता. आपला तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात, असेल तर आदिवासी उपयोजनेतून थेट ग्रामपंचायतींना मिळणारा पाच टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या निर्णयाने आरोग्यासाठीही वापरता येतो. त्यासाठी ग्रामसभेत बसून बोलावे लागते. रिक्त पदे भरणे आपल्या हाती नाही, परंतु कोणती पदे किती महिने रिक्त आहेत आणि त्या काळात कोणत्या वस्त्यांची कोणती सत्रे झाली नाहीत, असा एकत्रित तक्ता दरमहा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवत राहावे. नुसत्या रिक्त पदांच्या यादीला ‘शासनस्तरावर प्रलंबित’ हे उत्तर ठरलेले असते.

आता प्रशिक्षण. ते द्यायचेच असेल तर आधी आशा गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या), आरोग्य सहायिका आणि डाटा एंट्री करणारे कर्मचारी यांना एकत्र बसवावे आणि त्यांच्याच नोंदवह्या टेबलावर ठेवून वस्तीनिहाय गणना करायला लावावी. गटप्रवर्तकांना मी सर्वांत आधी घेईन. त्या सर्व वस्त्या पायी ओळखतात, आणि विभाग मात्र त्यांच्याकडून फक्त अहवाल घेतो. दुसरे प्रशिक्षण प्रसूतिगृहातल्या परिचारिकांचे, बाईशी कसे बोलावे याचे, आणि त्यात वस्तीतल्या दोन-तीन बायांना मानधन देऊन बोलवावे व त्यांना काय सोसावे लागले हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. माझ्या ओळखीच्या अनेक बाया रुग्णालयात न जाण्याचे कारण अंतर सांगत असत, आणि जरा विश्वास बसला की ‘तिथं आम्हाला हाडतूड करतात’ असे सांगत. वैद्यकीय अधिकाऱ्यांचे वेगळे प्रशिक्षण मी पहिल्या वर्षी घेणार नाही. त्यांच्यासाठी बदललेली आढावा सभा पुरेशी आहे.

पहिल्या वर्षी सर्व केंद्रांत एकदम सुरुवात करू नये. ज्या केंद्राचा वैद्यकीय अधिकारी किमान वर्षभर तेथे राहणार आहे आणि ज्याच्या क्षेत्रात तांडे, वीटभट्ट्या किंवा कारखान्याच्या कोप्या आहेत असे एक केंद्र निवडावे, तेथे जूनपर्यंत वस्तीनिहाय याद्या पूर्ण कराव्यात, आणि टोळ्या निघण्यापूर्वी दुसऱ्या बाजूच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आपल्या वहीत लिहिलेला असावा.