जुनी सोलापुरी चादर मधे विरली आहे, सोबत आजीचा पितळी डबा आहे. सजावटीसाठी काय करता येईल?

चादर अजिबात टाकू नका. विरते ती मधेच, काठाकडचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. त्याचे उशांचे अभ्रे करा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांवरची ही चादर जॅकार्डची, म्हणजे नक्षी छापलेली नसून विणतानाच उमटवलेली. नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. म्हणून अभ्र्याची एक बाजू सुलट, दुसरी उलट लावा. एकाच कापडात दोन रंगसंगती मिळतात, आणि मोर असेल तर फारच देखणं दिसतं!

१६ इंची उशीला १७ इंची चौकोन घ्या. खडूने आखा, पण लगेच कात्री लावू नका. आधी रेघेच्या आतून दोनदा शिवण मारा, मगच कापा. नाहीतर जाड सुताचे धागे भराभर सुटतात. मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा. उरलेल्या पट्ट्या गोधडीत जातील.

डबा बाहेरून चिंच-मिठाने घासा, लगेच धुऊन कोरडा पुसा. आत कल्हई असेल तर तिथे चिंच लावू नका. फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घाला, म्हणजे पितळेवर डाग पडणार नाहीत.