अझूरच्या जुन्या नोट्स आणि आजचं पोर्टल जुळत नाही, काय करू?

प्रश्न : सर, मी पुण्यात सपोर्टला आहे, सध्या अझूर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) शिकतोय. सीनियरने दिलेल्या नोट्समध्ये क्लाउड सर्व्हिस, एंडपॉइंट, को-अ‍ॅडमिन असलं सगळं आहे आणि पोर्टल उघडलं की जिकडे तिकडे रिसोर्स ग्रुप. फरक नेमका काय आहे? जुनं शिकून उपयोग आहे का?

उत्तर : तुमच्या नोट्स 'क्लासिक' म्हणजे अझूरच्या जुन्या मॉडेलच्या आहेत. ते आता चालू नाहीये, क्लासिक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाल्या, क्लासिक क्लाउड सर्व्हिस आणि को-अ‍ॅडमिन दोन्ही ऑगस्ट 2024 मध्ये. त्यामुळे पाठ करत बसू नका, पण एकदा समजून घ्याच, कारण नवीन मॉडेल असं का आहे ते त्यातूनच कळतं.

क्लासिकमध्ये व्हीएम एकटी राहूच शकत नव्हती, ती क्लाउड सर्व्हिस नावाच्या डब्याच्या आतच असायची आणि आतल्या सगळ्या मशीनना बाहेरचा आयपी एकच, म्हणून दोन विंडोज मशीन असल्या तर दोघींच्या 3389 (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) साठी बाहेरून दोन वेगळे पोर्ट द्यावे लागायचे, तेच तुमचे एंडपॉइंट. आणि को-अ‍ॅडमिन केलं की त्या माणसाच्या हातात अख्खं सबस्क्रिप्शन, म्हणजे त्या अझूर खात्यातलं सगळंच. फक्त एक मशीन रीस्टार्ट करायला द्यायची सोयच नव्हती, मला तरी हीच त्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते.

2014 मध्ये नवीन मॉडेल, म्हणजे रिसोर्स मॅनेजर, आला. आता नेटवर्क कार्ड, पब्लिक आयपी, डिस्क हे सगळे सुटे रिसोर्स, ते ज्या गटात ठेवायचे तो रिसोर्स ग्रुप, आणि परवानगी सबस्क्रिप्शनवर, ग्रुपवर किंवा एकाच रिसोर्सवर देता येते. टेम्प्लेट नावाच्या फाइलमध्ये काय हवं ते लिहायचं, आधी काय नंतर काय ते रिसोर्स मॅनेजरच बघतो, आणि जे एकमेकांवर अवलंबून नाही ते एकदमच उभं करतो. सुटं असल्याचा त्रासही आहे, व्हीएम उडवताना डिस्क आणि आयपीवर टिक केलं नाही तर ते मागे राहतात आणि बिल चालूच.

ग्रुप पाडताना मात्र नीट विचार करा. ग्रुप डिलीट केला की आतलं सगळं जातं! म्हणून जे एकत्र जन्माला येतं आणि एकत्रच जाणार आहे तेवढंच एका ग्रुपमध्ये ठेवा, टेस्टिंगच्या मशीनशेजारी प्रॉडक्शनचा डेटाबेस अजिबात नको. खर्च कुठल्या डिपार्टमेंटचा हे बघायला टॅग (रिसोर्सवर लावायची लेबलं) आहेत, त्यासाठी ग्रुप वाढवू नका. महत्त्वाच्या ग्रुपवर डिलीट लॉक लावा, म्हणजे चुकून डिलीट होणार नाही.

अजून एक, टेम्प्लेट चालवताना मोड बघा. नेहमीचा इन्क्रिमेंटल असतो, त्यात टेम्प्लेटमध्ये नसलेल्या रिसोर्सला हात लागत नाही. कम्प्लीट मोडमध्ये मात्र ग्रुपात आहे पण टेम्प्लेटमध्ये नाही ते काढून टाकलं जातं, कोणी पोर्टलवरून हाताने बनवलेलं असलं तरी. आधी टेम्प्लेटची व्हॉट-इफ तपासणी चालवा, ती काय बनणार काय उडणार याची यादी दाखवतं, ती पूर्ण वाचा आणि मगच डिप्लॉय करा.