ओकचा माळ पाहायला जाताना

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात राहतात. येत्या एप्रिलअखेरीस आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथे मूळच्या ओक वृक्षांच्या माळांचे पुनरुज्जीवन चालले असून मार्गदर्शकासोबत ते पाहता येतात, म्हणून मुलीने एका फेरीसाठी आमचीही नावे दिली आहेत. मात्र तिने पाठवलेल्या माहितीत झुडपे तोडणे, कुंपण घालणे, इतकेच नव्हे तर गवत मुद्दाम जाळणे असे उल्लेख आहेत. आमच्याकडे वणवा लागला की लोक विझवायला धावतात. निसर्ग राखण्यासाठी एवढी ढवळाढवळ कशाला? आणि या फेरीत नेमके पाहायचे काय? येताना तेथील फुलांचे कंद आणता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ओक म्हटल्यावर मराठी माणसाला आधी आडनाव आठवते, कारण सह्याद्रीत हे झाड नाही, कुमाऊँ-गढवालकडे जाऊन आलेल्यांनी त्याचा भाऊबंद असलेला बांज मात्र पाहिलेला असतो. आपण पाहणार आहात तो गॅरी ओक. ब्रिटिश कोलंबियातला हा एकमेव देशी ओक असून त्याला हे नाव डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंग्राहकाने हडसन्स बे कंपनी या फर-व्यापारी कंपनीचे निकोलस गॅरी यांच्यावरून दिले. वेड्यावाकड्या फांद्यांची ही झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात आणि त्यांच्यामधल्या उघड्या जागेत, खडकावरच्या पातळ मातीत, वसंतात कॅमास या कंदवर्गीय वनस्पतीची निळी-जांभळी फुले फुलतात. साताऱ्याच्या वाचकाला येथे कास आठवणे साहजिक आहे, पण ऋतुचक्र उलटे आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, बहर एप्रिल-मेमध्ये येतो आणि जुलैपर्यंत सारा माळ वाळून पिवळा पडतो. आपण योग्य वेळी जात आहात.

ढवळाढवळीच्या शंकेचे उत्तर असे, की हा माळ कधीच आपोआप वाढलेला नव्हता. 1843 मध्ये फोर्ट व्हिक्टोरिया उभारणाऱ्या, त्याच कंपनीच्या जेम्स डग्लस यांना ही जागा नंदनवनासारखी वाटली होती. परंतु ज्याला ते निसर्गाची देणगी समजले, ती खरे तर तेथील मूळ रहिवासी लेक्वंगेन लोकांची पिढ्यान्‌पिढ्या राखलेली शेती होती. कॅमासचा कंद हे त्यांचे महत्त्वाचे अन्न. मोठे कंद खणून काढायचे, लहान पुन्हा मातीत ठेवायचे, आणि बी गळून गेल्यावर ठरावीक जागी हलकी आग फिरवायची, अशी ती रीत होती. जाड सालीचा जुना ओक त्या आगीतून वाचतो, कंद मातीखाली सुरक्षित राहतात आणि झुडपे व डग्लस फर या सूचिपर्णी वृक्षाची रोपे तेवढी जळतात. आपल्याकडचा वणवा बेभान असतो. ही आग राबासारखी राखणीतली होती. 1874 च्या बुश फायर अ‍ॅक्टने तिच्यावर बंदी आणली. पुढे शहर वाढले, घरे आणि रस्ते आले, आणि कॅनडात या परिसंस्थेचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग बऱ्या स्थितीत उरला. जे उरले आहे, तेही नुसते कुंपण घालून सोडून दिले तर काही दशकांत झुडपांनी भरून जाते. म्हणून तेथे ‘हात लावू नका’ एवढ्याने संरक्षण होत नाही.

तोडली जाणारी झुडपे बहुतेक स्कॉच ब्रूम या परक्या झुडपाची असतात. कॅप्टन वॉल्टर ग्रँट या वसाहतकऱ्याने 1850 च्या सुमारास व्हिक्टोरियाजवळच्या सूक येथे याचे बी पेरले. पिवळ्याधमक फुलांचे हे झुडूप मातीत नत्र वाढवते, ते परक्या गवतांना मानवते आणि नापीक मातीला सरावलेली देशी फुले मागे पडतात. त्याचे बी मातीत कित्येक दशके जिवंत राहते, त्यामुळे मोठे झुडूप मुळासकट ओढण्यापेक्षा ते फुलावर असताना जमिनीलगत कापतात. ओढले तर माती हलते आणि झोपलेले बी जागे होते. आपल्याकडच्या तण काढणाऱ्यांना हे प्रथमदर्शनी पटणार नाही, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. कुंपण मुख्यतः हरणांसाठी असते, कारण ती ओकची कोवळी रोपे वाढूच देत नाहीत.

फुलांचे फोटो आपण काढालच, परंतु माझ्या मते या फेरीत फुलांपेक्षा पुनरुज्जीवनाचे काम पाहावे. ज्या तुकड्यात ब्रूम नुकताच कापला आहे आणि जो काही वर्षांपूर्वी साफ केला आहे, ते दोन्ही शेजारी शेजारी दाखवा, असे मार्गदर्शकाला अवश्य म्हणावे. चांगला मार्गदर्शक या प्रश्नाने खूश होतो. कॅमासमध्येच मळकट पांढऱ्या फुलांचा डेथ कॅमास दिसला, तर तोही नीट पाहून घ्यावा. तो विषारी आहे, आणि फुले गळाल्यावर नुसत्या कंदावरून दोघांतला फरक ओळखणे कठीण असल्यामुळे, कंद खणणाऱ्या स्त्रिया तो बहरात असतानाच उपटून टाकत. खाण्याचा कॅमास खड्ड्यात तापलेल्या दगडांवर एक-दोन दिवस भाजत, तेव्हा कुठे त्यातले इन्युलिन हे न पचणारे कर्बोदक पचण्याजोग्या साखरेत बदलून कंद गोड होई.

कंद आणण्याचा विचार मात्र सोडावा. या माळांवर खणण्यास मनाई असते, शिवाय परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय असे कंद भारतात आणता येत नाहीत.

प्रश्न : आम्हा दोघांचे गुडघे दुखतात. ही फेरी झेपेल का? – तेच वाचक

उत्तर : मुलीला आधी वाटेची माहिती विचारायला सांगावे. बीकन हिल पार्क शहरातच आहे, तेथे कॅमासही भरपूर आहे आणि पायवाटा सोप्या आहेत. शहराच्या पश्चिमेकडील फोर्ट रॉड हिल या ऐतिहासिक स्थळी गॅरी ओकचा एक शैक्षणिक माळ तयार केला आहे. डंकनजवळचे काउइचन संरक्षित क्षेत्र काहीसे लांब असून तेथे आधी विचारूनच जावे. कोठेही गेलात तरी पायवाट सोडू नये, कारण ओल्या पातळ मातीत एक पाऊलही कंदांवर पडते. जाण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून घ्यावेत, म्हणजे दुसरीकडचे बी तेथे जाणार नाही. वसंतात गवतात गोचिडी असतात, तेव्हा लांब विजार आणि मोजे घालावेत आणि घरी परतल्यावर गुडघ्यांच्या मागची बाजू एकमेकांची तपासून पाहावी.